वरिष्ठांना माहीत होतं: सोलापूरच्या एका मुलाचं प्रकरण

या प्रकरणातला मुलगा, त्याचं कुटुंब आणि संस्था यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कुटुंब सोलापूरचं. बोर्डिंग महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका जिल्ह्यात, एसटीनं एका रात्रीच्या अंतरावर. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, याच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, आणि ते तसंच असायला हवं. बाल कल्याण समितीनं मला या मुलाची साहाय्यक व्यक्ती म्हणून नेमलं होतं. तक्रार नोंदवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून निकालापर्यंत मी या कुटुंबाबरोबर होते. हे लेखन मुलाच्या आणि आईवडिलांच्या संमतीनं केलं आहे.

आरोपी कॅथलिक धर्मगुरू होता आणि त्याला शिक्षा झाली. तरी माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तो नाही. त्याच्याबद्दल आधी एकदा तक्रार झाली होती, ती त्याच्या वरिष्ठांपर्यंत पोचली होती, आणि वरिष्ठांनी त्याची बदली केली होती. बदली झाली ती याच मुलाच्या बोर्डिंगमध्ये. म्हणून आरोपीइतकंच किंवा थोडं जास्तच मी त्या वरिष्ठांबद्दल लिहिणार आहे.

पार्श्वभूमी

वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. माल निघेल तेवढी मजुरी. आई एका खासगी दवाखान्यात आया. घरात आजी आणि धाकटा भाऊ. आजोबांच्या काळात कुटुंब गिरणीच्या कामासाठी नगरकडून सोलापुरात आलं. मराठी कॅथलिक घर, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, न चुकवणारं. मोठा मुलगा वेदीसेवक होता, म्हणजे मिस्सेत फादरांना मदत करायचा.

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत ‘बोर्डिंगला शिकला’ हे कौतुकानं सांगितलं जातं. फी कमी, शिस्त, इंग्रजी, आणि मुख्य म्हणजे फादर-सिस्टरच्या नजरेखाली पोर राहणार हा भरवसा. या मुलाचं लॉकडाऊनमध्ये अभ्यासात फार नुकसान झालं. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कारखान्यात. २०२२ च्या जूनमध्ये बोर्डिंग पुन्हा सुरू झाल्यावर त्याला आठवीत तिथे घातलं, ते आजीच्या आग्रहावरून.

सोलापुरात कॅथलिक कुटुंबं मोजकीच. चर्चच्या फाटकाबाहेर मिस्सा सुटल्यावर जो घोळका उभा राहतो, त्यात प्रत्येकाला प्रत्येकाचं घर, नोकरी, सोयरीक माहीत असते. अडीअडचणीला हीच माणसं धावून येतात. पण तक्रार करायची वेळ आली की याच माणसांचं काय, हा प्रश्न सगळ्यांत आधी उभा राहतो.

समस्या कशी समोर आली

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला. सुट्टी संपत आली तशी आईनं पत्र्याची पेटी काढली. पेटीवर पांढऱ्या रंगानं त्याचा बोर्डिंगमधला नंबर घातलेला. आई कपडे घडी करून पेटीत ठेवायची, आणि ती स्वयंपाकघरात गेली की तो ते काढून परत कपाटात ठेवायचा. तोंडानं काही नाही. विचारलं तर ‘पोट दुखतंय’. मोठी मुलं मारत असतील असं वडिलांना वाटलं. आजीला वाटलं, घरची सवय झाली.

‘पोरगं परत जायचं नाही म्हणायलंय, काय ते बघा,’ असं म्हणून आईनं त्याला शनिवारी सोलापुरातल्या फादरांकडे पाठवलं. मुलानं आधी कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांजवळ एकांतात पापांची कबुली देताना, सांगितलं. आपल्या हातून पाप झालं अशीच त्याची समजूत होती. हे मला मुलानं सांगितलं; फादरांनी त्याबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही आणि ते काढणारही नाहीत. कन्फेशनमधलं कुणालाही सांगायचं नाही, हा चर्चच्या कायद्यातला अगदी कडक नियम आहे. मुलाच्या म्हणण्यानुसार फादर त्याला एवढंच म्हणाले, ‘यात तुझं पाप काहीच नाही. हेच तू बाहेर येऊन, आईसमोर बसून मला सांगशील का?’ मुलगा बाहेर आला. आईला बोलावून घेतलं. चर्चच्या ऑफिसात, दार उघडं ठेवून, त्यानं पुन्हा सांगितलं. थोडक्यातच: बोर्डिंगचे प्रमुख फादर रात्री अभ्यासाच्या नावाखाली काही मुलांना आपल्या खोलीवर बोलावतात, आणि तिथे जे होतं ते त्यांनी कुणाला सांगायचं नाही.

फादरांच्या ‘बाहेर येऊन सांगशील का’ या एका वाक्यानं पुढचा सगळा रस्ता मोकळा झाला. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरांना वापरता आलं नसतं. ऑफिसात ऐकलेलं मात्र त्यांना माहीत झालेलं होतं, आणि पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीनं ती पोलिसांना द्यायलाच हवी. या कलमात धर्मगुरूंसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही.

पहिला निर्णय: आधी कुणाकडे जायचं

त्या संध्याकाळी घरात चार मतं होती. आजीचं म्हणणं, मुलाला तिथून काढा आणि विषय मिटवा; देवाच्या माणसावर बोट उचलायचं नाही. वडिलांना बदनामीची धास्ती, त्यातही ‘मुलाच्या’ बदनामीची. मुलग्यांच्या बाबतीत असं होतं हेच त्यांना पटत नव्हतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पंधरा वर्षांनंतरही ही गोष्ट यंत्रमागाच्या शेडपर्यंत पोचलेली नव्हती. मामाचं मत, थेट बोर्डिंगवर जाऊन जाब विचारू. आई एकटी म्हणत होती की पोलिसांत जायचं.

सोलापुरातल्या फादरांचीही ओढाताण होती. त्यांचा पहिला विचार रीतसर पत्र लिहिण्याचा होता: आरोपी ज्या धर्मसंघाचा (फादरांच्या संघटनेचा), त्या संघाच्या प्रांताधिकाऱ्यांना (इथे सरकारी अधिकारी नव्हे, संघाचे त्या प्रांतातले प्रमुख) आणि तिथल्या बिशपांना (त्या भागातल्या चर्चचे प्रमुख). तसं पत्र त्यांनी त्याच रात्री पाठवलं. पोलिसांकडे लगेच जावं की चर्चला आधी चौकशी करू द्यावी, यावर ते दोन दिवस अडले. माझ्या मते हेच दोन दिवस या प्रकरणात सर्वांत महाग पडले. पत्र पोचलं, आणि पोलीस येण्याआधी वरिष्ठ घरी आले.

वरिष्ठ घरी येतात

प्रांताधिकारी दोन सहकाऱ्यांसह सोलापुरात आले. बोलणं मृदू. आजीनं त्यांच्यासमोर गुडघे टेकून आशीर्वाद घेतला. त्यांनी मुलाला समोर बसवून विचारपूस केली आणि एक जण कागदावर लिहून घेत होता. प्रश्न असे: तुला नीट आठवतं का? झोपेत असशील? तू दुसऱ्या कुणाला सांगितलंस का? मुलगा दोन वाक्यं बोलून गप्प झाला.

मग प्रस्ताव आला. मुलाला संस्थेच्या दुसऱ्या चांगल्या शाळेत प्रवेश, बारावीपर्यंत फी माफ. संबंधित फादरांना बोर्डिंगवरून काढून ‘प्रार्थना आणि चिंतनासाठी’ परराज्यात पाठवलं जाईल. चर्च आपल्या पद्धतीनं चौकशी करेल. निघताना वडिलांची एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता. मजकुराचा अर्थ असा: मुलाशी बोलणं झालं, गैरसमज दूर झाला, कुटुंबाची काही तक्रार नाही. वडिलांना वाटलं, भेटीची पोच असेल.

‘असले प्रकार बाहेरच्या देशांत होतात, आपल्याकडे नाही,’ असंही बोलता बोलता म्हटलं गेलं. यावर थोडं लिहायला हवं. बाहेरच्या देशांत जे उघड झालं त्याचा गाभा नेमका हाच होता, जो त्या दिवशी सोलापुरातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत घडत होता. बॉस्टनमध्ये २००२ साली, आयर्लंडमध्ये २००९ च्या अहवालांत, ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाच्या (रॉयल कमिशन) २०१७ च्या अंतिम अहवालात, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीच्या (नागरिकांचं चौकशी मंडळ) २०१८ च्या अहवालात आणि फ्रान्सच्या स्वतंत्र आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पुन्हा पुन्हा हेच दिसलं: तक्रार आली, वरिष्ठांना कळली, माणसाला दुसरीकडे पाठवलं, पोलिसांना कळवलं नाही. एकट्या पेनसिल्व्हेनियाच्या सहा धर्मप्रांतांत (एकेका बिशपाच्या अखत्यारीतल्या भागांत) ३०० हून अधिक धर्मगुरूंवर विश्वासार्ह आरोप आढळले. आपल्याकडेही केरळमधल्या एका धर्मगुरूला पोक्सो न्यायालयानं २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा दिली. ‘आपल्याकडे नाही’ हे वाक्य २०२२ साली कुणा जबाबदार माणसाच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

आणि हेही तितकंच खरं की हा कुणा एका धर्माचा रोग नाही. आश्रमशाळा, वसतिगृहं, मठ, मदरसे, क्रीडा प्रबोधिनी, जिथे मुलं घरापासून लांब एकाच माणसाच्या हाती असतात तिथे हे घडू शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा कायम केला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट म्हटलं. आमच्या कुटुंबाचा हा सगळा गोंधळ त्याच महिन्यातला.

तक्रार

पाहुणे गेल्यावर आईनं तो प्रस्ताव मुलाला सांगितला. मुलानं विचारलं, ‘ते दुसऱ्या राज्यात पण बोर्डिंगलाच जाणार का?’ आईनं दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि सोलापुरातल्या फादरांना फोन केला. या वेळी ते अडले नाहीत. ते स्वतः आईबरोबर पोलीस ठाण्यात गेले, आणि ऑफिसात मुलानं काय सांगितलं याबद्दल त्यांनी आपला जबाब दिला. आपल्याच संघटनेतल्या माणसांविरुद्ध असा जबाब देणं किती अवघड असतं हे मी जवळून पाहिलं आहे. त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली.

ठाण्यात पहिला अडथळा हद्दीचा. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा, असं सांगण्यात आलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी झिरो एफआयआरचा आग्रह धरला: गुन्हा इथे नोंदवा आणि मग त्या ठाण्याकडे वर्ग करा. तेव्हा ही पद्धत गृह खात्याच्या सूचनांवर चालायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागेल. आज कुणी ‘आमची हद्द नाही’ म्हटलं तर हे कलम दाखवावं.

मुलाचा जबाब घरी घ्यायचा की कुठे, हाही विचार करावा लागला. पोक्सोच्या कलम २४ नुसार मुलाच्या घरी, त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता जबाब घ्यायचा असतो. घर चाळीत, भिंती पातळ. मुलानं मावशीचं घर निवडलं, शहराच्या दुसऱ्या टोकाचं. उपनिरीक्षक मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये रिक्षानं आल्या. दीड तास लागला, त्यातला बराच वेळ क्रिकेटवर गेला. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला माहिती गेली आणि तिथून माझी नेमणूक झाली.

आरोपीला तोवर परराज्यात पाठवलं होतं. अटकपूर्व जामीन फेटाळल्यावर तो हजर झाला. बोर्डिंगवर पोलिसांना सर्वांत उपयोगी गोष्ट सापडली ती रात्रीच्या हजेरीची वही. ती वही एक मोठा मुलगा, मॉनिटर, लिहायचा. झोपायच्या वेळी जो मुलगा पलंगावर नसेल त्याच्या नंबरापुढे कारण लिहायचं: आजारी, घरी, पाणी भरायला. काही रात्री काही नंबरांपुढे फक्त ‘फा.’ असं अक्षर होतं. त्यात पेटीवरचा हा नंबरही होता. मॉनिटरनं ते निरागसपणे, नियमानं लिहिलं होतं. वरचे लोक ती वही दर महिन्याला सही करून परत देत होते.

दुसरा निर्णय: वरिष्ठांचं नाव घ्यायचं का

तपासात आधीच्या बोर्डिंगमधली स्वयंपाकी मावशी पुढे आली. लॉकडाऊनच्या आधी, दुसऱ्या गावी, तिनं याच फादरांबद्दल प्रांताधिकाऱ्यांना सांगितलं होतं. एका मुलाला रात्री खोलीतून रडत येताना तिनं पाहिलं होतं. तिला ‘आम्ही बघतो’ असं उत्तर मिळालं. काही आठवड्यांत फादरांची बदली झाली. पत्रात कारण प्रकृतीचं. मावशीलाही पुढच्या वर्षी कामावर बोलावलं नाही.

पोक्सोच्या कलम २१ मध्ये दोन पायऱ्या आहेत. माहिती असून न कळवणाऱ्या कोणालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. तपास अधिकाऱ्यांचं मत पडलं की मूळ आरोपी हाती आला आहे, वरच्यांच्या मागे लागून खटला लांबवू नका. हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आरोपी वाढले की वकील वाढतात, तारखा वाढतात, आणि त्या प्रत्येक तारखेचा ताण मुलावर येतो.

घरातही हाच वाद झाला. वडील म्हणाले, पोराला न्याय मिळाला की बास. आजीचं मत तोवर बदललं होतं. ज्या माणसासमोर आपण गुडघे टेकले त्याला आधीपासून माहीत होतं, हे तिला सहन होत नव्हतं. आईचा मुद्दा सरळ होता: त्यांनी तेव्हा पोलिसांना सांगितलं असतं तर माझं पोरगं वाचलं असतं.

वकीलबाईंनी एक बारीक पण निर्णायक गोष्ट समजावून सांगितली. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला साधारण एक वर्षाची मुदत असते. मावशीनं सांगितलं ते २०२० च्या सुरुवातीला. त्या वेळच्या न कळवण्यावर मुदतीचा वाद नक्की होणार. पण प्रांताधिकाऱ्यांनी न कळवण्याची चूक दुसऱ्यांदाही केली होती, अगदी ताजी. सोलापूरहून पत्र मिळालं, ते स्वतः घरी आले, मुलाच्या तोंडून ऐकलं, कागद लिहून घेतला, आरोपीला परराज्यात पाठवलं, आणि पोलिसांना कळवलं नाही. प्रकरण मिटवण्यासाठी केलेली ती भेटच त्यांना माहिती होती याचा पुरावा ठरली. जुनी तक्रार पार्श्वभूमी म्हणून मांडायची आणि आरोप नव्या मौनावर ठेवायचा, असं ठरलं. आईनं पुरवणी जबाब दिला आणि दोषारोपपत्रात कलम २१ खाली प्रांताधिकाऱ्यांचं नाव आलं.

चर्चकडची वाट

समांतरपणे कुटुंबानं बिशपांकडेही लेखी तक्रार दिली. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ या आदेशानुसार धर्मगुरू आणि संन्यस्त व्यक्तींवर अशी माहिती विनाविलंब कळवण्याचं बंधन आहे, प्रत्येक धर्मप्रांतात लोकांना सहज गाठता येईल अशी तक्रार व्यवस्था हवी, आणि तक्रारदारावर मौनाची अट घालता येत नाही. राज्याच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवण्याचं बंधन या आदेशानं कमी होत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरची ‘पोंटिफिकल सीक्रेट’ ही गुप्तता उठवण्यात आली. म्हणजे ‘चर्चचा कायदा आड येतो’ असं म्हणायला जागा उरलेली नव्हती.

या मार्गाची मर्यादाही कळली. प्रकरणं दाबल्याबद्दल बिशप आणि धर्मसंघांचे सर्वोच्च प्रमुख यांना हा आदेश थेट धरतो. प्रांताधिकारी मधल्या पायरीवर असतात. त्यांच्यासाठी चर्चच्या कायद्याचं दुसरं कलम लागतं: डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दंडसंहितेतलं १३७१ (६), ज्यात न कळवणं हा स्वतंत्र अपराध मानला आहे. तक्रारीत ते कलम नोंदवलं. पोच मिळाली, आरोपीला धर्मगुरूपदाच्या कामातून दूर केल्याचं कळवण्यात आलं. प्रांताधिकाऱ्यांबद्दल विचारलेल्या पत्रांना एकच उत्तर येत राहिलं: प्रक्रिया चालू आहे. कुटुंबाला या प्रक्रियेत कुणी जबाबासाठीसुद्धा बोलावलेलं नाही. जे दुखावले गेले त्यांनाच काही कळू नये, ही पद्धत मला अन्यायाची वाटते.

चर्चच्या फाटकावर मात्र वातावरण बिघडलं. ‘आपण आधीच मूठभर, त्यात ही शोभा,’ असं आजीला ऐकवलं गेलं. ही भीती मी उडवून लावणार नाही. एका संघटनेचे कार्यकर्ते खरोखरच घरी येऊन गेले. त्यांना मुलापेक्षा धर्मात रस होता. एफआयआरची प्रत मागत होते. वडिलांनी दारातूनच परत पाठवलं: ‘आमचं भांडण त्या दोन माणसांशी हाय, येशूशी नाही.’ मिस्सेला जाणं कुटुंबानं एकदाही थांबवलं नाही.

न्यायालयात

पोक्सो कायदा म्हणतो, न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो एका वर्षात खटला संपावा. इथे साक्षीलाच वर्षाहून अधिक काळ लागला. रात्रीची एसटी, पहाटे स्टँडवर चहा, आणि अकरा वाजता ‘आज साहेब रजेवर’. प्रत्येक फेरीला वडिलांचा दोन दिवसांचा रोज बुडायचा. मुलगा त्या रात्री झोपायचा नाही.

साक्ष मात्र नीट झाली. दालन बंद, मध्ये पडदा, बचाव पक्षाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत. हल्ला अपेक्षित ठिकाणीच आला: घरी आलेल्या वरिष्ठांसमोर तू हे सगळं सांगितलं नाहीस, आणि वडिलांनी तर तक्रार नाही असं लिहून दिलंय. सरकारी वकिलांनी वडिलांना तो इंग्रजी कागद हातात दिला आणि पहिली ओळ वाचायला सांगितली. वडिलांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाले, ‘साहेब, यातली माझी सही तेवढी मला वाचता येते.’

हजेरीची वही, सोलापूरच्या फादरांची साक्ष, स्वयंपाकी मावशीची साक्ष आणि आणखी एका मुलाची साक्ष यांनी मुलाच्या म्हणण्याला बळ मिळालं. बाकीच्या मुलांच्या पालकांनी येण्यास नकार दिला. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

निकाल

शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसानं तिथल्याच मुलावर केलेला अत्याचार पोक्सोच्या कलम ९ खाली गंभीर स्वरूपाचा ठरतो. कलम १० खाली आरोपीला पाच वर्षांची शिक्षा आणि दंड झाला. त्याचं अपील उच्च न्यायालयात आहे. प्रांताधिकाऱ्यांनी आपल्यावरचा गुन्हा रद्द करण्यासाठी याचिका केली, त्यामुळे त्यांचा खटला वेगळा झाला आणि तो थांबलेला आहे. त्यांच्याकडे आता ते पद नाही. मुदत संपली म्हणून गेलं, कारवाई म्हणून नाही.

मुलगा सोलापुरातल्या शाळेतून दहावी झाला. अंतरिम भरपाईचे पैसे आले, बऱ्याच उशिरा. त्यातून आईनं कर्ज फेडलं. सोलापूरच्या फादरांची बदली झाली, लहानशा गावी. तिला कुणी शिक्षा म्हटलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुलानं ऑफिसात सांगितलं त्याच संध्याकाळी पोलिसांत जायला हवं होतं. वरिष्ठांना पत्र नंतर पाठवता आलं असतं. उलट क्रमामुळे मुलाला परक्या तीन माणसांसमोर बसावं लागलं, आरोपी लांब गेला, आणि बचावाला एक कागद मिळाला. धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात), शाळेत, वसतिगृहात काम करणाऱ्यांनी हा क्रम पक्का लक्षात ठेवावा. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर कलम १९ नुसार कोणतीही जबाबदारी येत नाही, हे त्या दोन दिवसांत फादरांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पोलिसांआधी कुणीही, अगदी मामानंही, मुलाकडून लेखी काही घेऊ नये. त्याचे शब्द जेवढे सुचले तेवढे ऐकावेत, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नयेत. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये, समोर कोणीही असो.

वरिष्ठांचं नाव दोषारोपपत्रात पुरवणी जबाबानं आलं. पहिल्याच फिर्यादीत असतं तर संघाच्या प्रांत कार्यालयातला पत्रव्यवहार लवकर जप्त झाला असता. जप्ती झाली तेव्हा फाइलमधली काही पानं नव्हती.

आणि धाकटा भाऊ. सगळ्या धावपळीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दादा का रडतो, आपण रात्री मावशीकडे का, हे त्याला कुणीच सांगितलं नाही. तो नव्या वर्षापासून अंथरूण ओलं करू लागला तेव्हा लक्षात आलं. समुपदेशन एका मुलाचं मंजूर झालं होतं, गरज घराला होती. समितीकडे अर्ज करताना भावंडांचा उल्लेख सुरुवातीलाच करावा.

सध्या

आधीच्या बोर्डिंगमधला, मावशीनं रडताना पाहिलेला तो मुलगा आता सज्ञान आहे. निकालाची बातमी वाचून त्यानं ओळखीतून निरोप पाठवला. तेव्हाचं आता सांगता येईल का, असा त्याचा प्रश्न. येतं: पोक्सोखाली लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार कोणत्याही वयात करता येते, आणि केंद्रीय कायदा मंत्रालयानंही २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याचं नाव तेव्हाही गुप्त राहील आणि त्याला वकिलाची मदत मागता येईल, हे त्याला सांगितलं आहे. त्याची साक्ष झाली तर २०२० मध्ये प्रांताधिकाऱ्यांना नेमकं काय कळलं होतं, हा मुद्दा पुन्हा न्यायालयासमोर येईल. त्यानं थोडा वेळ मागितला आहे. आमच्या मुलानं त्याच्यासाठी आपला मोबाइल नंबर माझ्याकडे देऊन ठेवला आहे.